आपल्या गावात कोण कुणाबरोबर राहतं

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला 'संगणक क्षेत्रातील संधी' या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. आपण आता पंचेचाळिशी ओलांडली. या वयात त्या संधी आपल्याला नाही, आपल्या मुलांना हव्यात, आणि मुलं आपलं ऐकत नाहीत. म्हणून मी विषय बदलून मागितला. या मेळाव्यासाठी तुकडीच्या पत्त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. ती करताना जे वाचायला मिळालं त्याबद्दल बोलते. म्हणजे चिपळूणबद्दल, आणि चिपळुणातल्या आपल्या घरांबद्दल.

यादीत नाव, पत्ता, फोन हे रकाने होतेच. त्यापुढे मी एक रकाना मुद्दाम मोकळा ठेवला होता : 'घरी कोण कोण असतं?' पर्याय दिले नव्हते. वाटलं होतं, लोक दोन शब्दांत आटपतील. पण तुम्ही सगळ्यात जास्त तिथेच लिहिलंत. एकाने लिहिलं, 'घरी मी, आई, बाबा. बायको आणि मुलगा डोंबिवलीला, कॉलेजसाठी.' एकीने लिहिलं, 'घर चिपळूणला, राहते ठाण्याला.' एकाने लिहिलं, 'मी आणि आई. कोण कुणाला सांभाळतं ते विचारू नये.' एका मैत्रिणीने फक्त 'मी' लिहिलं आणि पुढे पूर्णविराम दिला. तो पूर्णविराम माझ्या चांगलाच लक्षात राहिला आहे. नावं मी सांगणार नाही, ओळखायचा प्रयत्नही करू नका. मागच्या बाकावरून कुजबुज ऐकू येते आहे.

भूगोलाच्या बाईंनी आपल्याला शिकवलं होतं की जनगणनेत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. साधी, स्वच्छ व्याख्या आहे. पण आपल्या गावात ती एका दिवसात मोडते. शिधापत्रिकेवर कुटुंब वेगळं : त्यावर अजून मुंबईला गेलेल्या काकांचं नाव असतं. सातबाऱ्यावर वेगळं : तिथे पणजोबांचे सगळे वारस एकाखाली एक, त्यातले निम्मे एकमेकांना रस्त्यात ओळखणारही नाहीत. आणि गणपतीत आणखी वेगळं. पाच दिवस मूळ घरात तीस पानं उठतात, कुणाची पाळी कोणत्या वर्षी यावर भांडणं होतात, आणि सहाव्या दिवशी त्या घरात एक म्हातारी आणि एक मांजर उरतं. मग त्या घरात कुटुंब किती जणांचं म्हणायचं?

इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतीय नातेसंबंधांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या होत्या : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि रक्ताचं नातं. कोकणातल्या घरांना हे लावून बघा. छप्पर गेलं, चूल गेली. मालमत्ता मात्र सामाईक आहे, कारण वाटणी कुणी करत नाही, आणि देव तर सामाईक आहेच. म्हणजे पाचातल्या तीन खुणा शाबूत. एकत्र कुटुंब संपलं असं आपण सहज म्हणून टाकतो, पण दहाजणांच्या सह्या लागतात म्हणून गळकं छप्पर पाडता येत नाही असं ज्याचं घर आहे, त्याला विचारा ते संपलं का.

आय. पी. देसाई नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या महुवा या लहान गावातली ४२३ कुटुंबं तपासली. त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वेगळं राहणारं घर म्हणजे वेगळं कुटुंब नव्हे. बघायचं ते हे, की पैसा, निर्णय आणि जबाबदारी कुणाची कुणाशी बांधलेली आहे. गाव समुद्राकाठचं, व्यापारउदीम करणारं, लहान. मला ते वाचताना सारखं आपलंच वाटत होतं.

आता जरा आकडे. घाबरू नका, दोनच सांगते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांवरून ११ कोटी २४ लाखांवर गेली. त्याच दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. वाढली नाही, घटली. दुसरा आकडा : २०११ ला राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरीत ११२२. बाहेरच्या माणसाला हे ऐकून आनंद होतो, की इथे मुलींना किती जपतात. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. पुरुष मुंबईत आहेत. गिरण्यांच्या काळापासून आहेत. मनीऑर्डर इकडे येते आणि माणूस तिकडे राहतो, ही आपली चार पिढ्यांची रीत. आता मनीऑर्डरीच्या जागी फोनवरून पैसे येतात, एवढाच फरक. आणि आता बायकाही जातात. मी गेले तशा.

चिपळूणच्या गल्लीतून वयाप्रमाणे चालत गेलात तर काय दिसतं ते सांगते. अठरा ते पंचवीस या वयाची आपली मुलं इथे फारशी नाहीत. बारावी झाली की पुणे, मुंबई, कोल्हापूर. पण या वयाची मुलं-मुली गावात दिसतात खूप. ती कोण? खेर्डी-लोट्याच्या कारखान्यांत कामाला आलेले परप्रांतीय मुलगे, खोल्या करून एकेका खोलीत चार-पाच जण. दवाखान्यांतल्या परिचारिका, प्रयोगशाळेतल्या मुली, बँकेत पहिली नेमणूक झालेले विदर्भ-मराठवाड्यातले तरुण. आपली मुलं दुसऱ्यांच्या गावात भाड्याने राहतात आणि दुसऱ्यांची आपल्या गावात. आमच्या घराचा वरचा मजला गेली सहा वर्षं अशा दोन परिचारिकांना दिलेला आहे. भाडं किरकोळ आहे. आई ते भाड्यासाठी देत नाही. रात्री जिन्यावर कुणाचं तरी पाऊल वाजावं म्हणून देते.

तिशीतली जोडपी गावात आहेत, पण ती बहुतेक ज्यांचं दुकान, दवाखाना, बागायत किंवा शाळेतली नोकरी इथे आहे त्यांची. यांच्याकडे सासू-सासरे बरोबर राहतात, आणि ती घरं बाहेरून एकत्र दिसतात. आत मात्र वरच्या मजल्यावर वेगळा गॅस असतो. मला यात काही वाईट वाटत नाही. दोन गॅस आणि एक जिना ही व्यवस्था ज्याने पहिल्यांदा शोधली त्याचा सत्कार व्हायला हवा.

पन्नाशी-साठीत गाव पुन्हा भरतं. मुंबईहून निवृत्त होऊन परत येणारे. परळ-लालबागची खोली विकून किंवा मुलाला देऊन इथे फ्लॅट घेतलेले. पहिली पाच वर्षं त्यांची मजेत जातात. नाना-नानी पार्क, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघाची सहल. मग सत्तरी येते, गुडघे येतात, आणि बिनलिफ्टच्या इमारतीतला दुसरा मजला आठवण करून द्यायला लागतो. त्यानंतरची घरं बहुतेक एकेकट्या बायकांची. आपल्याकडे नवरा वयाने मोठा आणि बाई जगते जास्त, तेव्हा हे गणित सातवीतल्या मुलालाही सुटेल. ऐंशीच्या पुढच्या घरात एकटा पुरुष क्वचित दिसतो. पुरुषाला कुणीतरी घेऊन जातं. बाई म्हणते, मला इथेच राहू द्या, आणि तिला राहू देणं सगळ्यांना सोयीचं असतं.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. माझ्या पुण्याच्या घरी मी, नवरा, मुलगी आणि माझ्या सासूबाई आहोत. माझी आई इथे एकटी आहे. भाऊ परदेशात. म्हणजे मी नवऱ्याच्या आईबरोबर राहते आणि माझ्या आईबरोबर तिचे भाडेकरू राहतात. आपल्या वर्गातल्या किती मुलींचं हेच चित्र आहे ते यादीवरून मला कळलं. आईला मी पुण्याला चल म्हणते, ती येतेही, पंधरा दिवस राहते. मग म्हणते, 'अगं, तिथे बाजारात गेले की कुणी तरी विचारतं, काय वहिनी, आज उशीर? इथे लिफ्टमधली माणसंसुद्धा फोनात बघतात.' याला माझ्याकडे उत्तर नाही. ती चूक बोलत नाही.

नोकरीतला एक अनुभव सांगते. मी ज्या कंपनीत होते तिथल्या आरोग्य विम्यात कुटुंब म्हणजे स्वतः, जोडीदार, दोन मुलं आणि आई-वडील. किंवा सासू-सासरे. 'किंवा' होतं, 'आणि' नव्हतं. दरवर्षी एप्रिलमध्ये पडद्यावर दोन गोल यायचे आणि त्यातला एकच भरता यायचा. सासूबाई माझ्याकडे राहतात आणि नवऱ्याचा स्वतःचा व्यवसाय, त्यामुळे विमा माझाच. तेरा वर्षं मी तो एक गोल भरला. कोणता भरला ते सांगत नाही. माझ्या खुर्चीशेजारी बसणाऱ्या मुलग्यांना तो प्रश्न पडताना मी पाहिला नाही. त्यांना दोन्ही गोल दिसत होते, पण त्यांचं बोट आपोआप एकाच बाजूला जायचं.

आता २२ जुलै २०२१ बद्दल. ज्यांनी तो पूर इथे पाहिला त्यांना मी काय सांगणार. मी बाहेरून पाहिला, तेवढंच सांगते. पहाटे वाशिष्ठीचं पाणी चढलं, आणि सकाळनंतर आमच्यासारख्यांना फक्त 'संपर्क होऊ शकत नाही' एवढंच ऐकू येत होतं. रेल्वे बंद, घाट बंद. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲपच्या गटावर त्या दिवशी किती जणांनी एकच वाक्य लिहिलं आठवतं? 'माझे आईबाबा तळमजल्यावर आहेत, कुणी जाऊ शकेल का?' पुणे, ठाणे, दुबई, न्यू जर्सी, सगळीकडून तेच वाक्य. माझ्या आईला वरच्या मजल्यावरच्या त्या दोन मुलींनी ओढून वर नेलं होतं. मला ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं, तेही आपल्याच एका वर्गमित्राकडून. त्याचं स्वतःचं दुकान छपरापर्यंत पाण्यात होतं. त्याने कुठून तरी होडी मिळवली होती आणि तो वर्गातल्या लोकांच्या आईवडिलांना एकेक करून बघत फिरत होता. पुढे आठवडाभर तो आणि इथले इतर पाच-सात जण चिखल उपसत होते. आधी दुसऱ्यांच्या घरातला, मग स्वतःच्या.

तो आज इथेच बसला आहे, आणि मी त्याचं नाव घेतलं तर तो उठून बाहेर जाईल.

मला आज मुख्य बोलायचं आहे ते यांच्याबद्दल. प्रत्येक मेळाव्यात आपण कोण कुठे पोचला ते सांगतो. जे गावात राहिले त्यांचा परिचय 'हा इथेच असतो' असा तीन शब्दांत होतो. पण तो इथे असतो म्हणून आपण तिथे असू शकतो. आपल्या यादीतल्या 'आईवडील चिपळूणला' या ओळी मोजा आणि त्या आईवडिलांना गॅसचा नंबर लावून देणारा, रात्री दवाखान्यात नेणारा, बँकेत हयातीचा दाखला द्यायला घेऊन जाणारा कोण ते विचारा. पुन्हा पुन्हा तीच पाच-सात नावं येतात. औषधांचं दुकान असलेल्या आपल्या मैत्रिणीला निम्म्या वर्गाच्या आईवडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तोंडपाठ आहेत. तिने मला एकदा फोन करून सांगितलं होतं, 'तुझ्या आईने या महिन्यात गोळ्या नेल्याच नाहीत, बघ जरा.' मी पुण्यात बसून रोज आईशी बोलत होते. मला ते कळलं नव्हतं.

आणि घरातल्या घरातही हेच चालतं. भावंडांतला एक जण राहतो. बहुतेक वेळा लग्न न झालेला, किंवा लग्न मोडून माहेरी आलेली बहीण. तिच्याबद्दल सगळे म्हणतात, 'ती आहे ना तिथे, काळजी नाही.' तिला मात्र कुणी विचारत नाही, की बाई, तुला इथे राहायचं होतं का? तिची नोकरी, तिचं जेवण, तिचं आजारपण हे कुणाच्या हिशेबात नसतं. आई गेली की भाऊ येतात आणि घराचं काय करायचं ते ठरतं. त्या 'मी' लिहून पूर्णविराम देणाऱ्या मैत्रिणीला मी फोन केला होता. तिने आईवडील दोघांचं अकरा वर्षं केलं. आता घर विकायचं ठरतंय. मी जास्त बोलत नाही, पण तिने तिची हकीकत इथे सांगायला मला परवानगी दिली आहे, आणि ती का दिली हे आपण समजून घ्यावं.

म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी सांगते. मी वकील नाही, पण हे तपासून घेतलं आहे. पहिली. हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने केलेली दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली, आणि त्या दिवशी जिचं लग्न झालेलं नव्हतं त्या प्रत्येक मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला. देशभरात तो २००५ साली आला. १९९४ च्या जूनमध्ये आपण काय करत होतो? नुकत्याच दहावीत गेलो होतो, नव्या वह्यांना कव्हरं घालत होतो. म्हणजे या सभागृहातल्या माझ्या सगळ्या हिंदू मैत्रिणींनो, आपल्याला तो हक्क शाळेतच मिळालेला होता. पुढे त्यातल्या किती जणींनी हक्कसोडपत्रावर सही केली? हात वर करायला सांगत नाही. ज्यांनी राजीखुशीने केली त्यांचा प्रश्न नाही. पण आपण काय सोडतो आहोत हे त्या दिवशी कुणी वाचून दाखवलं होतं का?

दुसरी गोष्ट भावांसाठी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा आहे. त्यात जबाबदारी कुणाची? मुलगा, मुलगी, सज्ञान नातू आणि नात. त्या मूळ व्याख्येत सून नाही. आपल्याकडे सगळं काम सुनेकडून अपेक्षित आणि कायद्याने ते तिच्यावर टाकलेलंच नाही, हे मला वाचून गंमत वाटली. निर्वाह-खर्चाची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये आहे आणि अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात असं आहे, की सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. आपल्या आईवडिलांना हे कलम माहीत असायला हवं. आणखी वीस वर्षांनी आपल्यालाही उपयोगी पडेल, म्हणून मुलांच्या देखत फार बोलू नये.

वीस वर्षांचं निघालं म्हणून. परवा माझ्या मुलीने विचारलं, 'तू म्हातारी झालीस की कुठे राहणार?' मी म्हटलं, चिपळूणला. ती म्हणाली, 'तिथे कोण असेल?' मी वर्गाची यादी उघडली आणि मोजायला बसले. यातले बरेच जण साठीला परत येणार म्हणतात. काहींनी तशी जागाही घेतली आहे, लिफ्ट बघून. एकमेकांशेजारी जागा घ्यावी असाही विचार दोघी-तिघींनी बोलून दाखवला. नवऱ्यांना अजून विचारलेलं नाही.

तर आता कामाचं. यादी छापून आली आहे. तिच्या शेवटी एक कोरं पान आहे, ते मी मुद्दाम ठेवलं आहे. ज्यांचे आईवडील किंवा कुणीही मोठं माणूस गावात एकटं आहे, त्यांनी त्यावर लिहायचं : घराचा पत्ता आणि खुणेची जागा, मजला, रोजची औषधं, किल्ली कुणाकडे असते, आणि पुरात जिना चढू शकतात की नाही. गावात असलेल्यांना त्याच्या प्रती मिळतील. आणि बाहेर असलेल्या प्रत्येकाने वर्षाला ठरावीक रक्कम एका खात्यात जमा करायची. रिक्षा, रुग्णवाहिका, रात्री बसायला बाई, याचे पैसे इथल्यांनी खिशातून घालायचे नाहीत. रक्कम किती ते जेवणानंतरच्या बैठकीत ठरेल. मी एक आकडा आणला आहे, पण तो आधी औषधांच्या दुकानवाल्या मैत्रिणीला दाखवणार आहे, कारण खरा खर्च तिलाच माहीत.

पान भरायला पेन दाराजवळच्या टेबलावर आहे. तिथे बसलेल्या आपल्या मित्राचं अक्षर शाळेपासून कुणाला लागत नाही, तेव्हा पत्ता आपापला आपणच लिहावा.